दगडावरचं वय

बेल्जियममध्ये पॉपरिंगे गावाच्या पश्चिमेला नाइन एल्म्स नावाची लष्करी दफनभूमी आहे. १९१७ च्या सप्टेंबरात जखमींवर तातडीचे उपचार करणारी दोन केंद्रं इथे येऊन थाटली आणि तिथे जे वाचले नाहीत त्यांच्यासाठी शेजारच्या जमिनीत खड्डे खणले जाऊ लागले. तिथल्या एका पांढऱ्या दगडावर सार्जंट डी. गॅलहर असं नाव आहे. पलटण ऑकलंड रेजिमेंट, मृत्यू ४ ऑक्टोबर १९१७, वय ४१, आणि वर न्यूझीलंडच्या सगळ्या सैनिकांच्या दगडांवर असतं तसं नेच्याचं पान.

एवढाच मजकूर. ब्रिटिश सैनिकांच्या कबरीवर घरच्यांच्या पसंतीची एखादी ओळ कोरलेली दिसते, तशी इथे नाही, कारण न्यूझीलंड सरकारने आपल्या सैनिकांसाठी ती मुभा ठेवलीच नव्हती. त्यामुळे हा माणूस बारा वर्षांपूर्वी ब्रिटनभर गाजलेल्या संघाचा, 'ऑल ब्लॅक्स'चा कर्णधार होता, हे दगड सांगत नाही. आणि जे सांगतो त्यातलं वय चुकलेलं आहे.

आपल्याला असा घोळ नवा नाही. शिवाजी महाराजांचा जन्म बखरींप्रमाणे १६२७ चा की जेधे शकावलीप्रमाणे १६३० चा, या जवळजवळ तीन वर्षांच्या फरकावर महाराष्ट्रात शतकभर शाई खर्च झाली. अस्सल कागद आणि मागाहून रचलेली कथा यांतला फरक ओळखण्याची सवय राजवाड्यांपासूनच्या संशोधकांनी मराठी वाचकाला लावली. डेव्ह गॅलहरच्या बाबतीतही फरक तीनच वर्षांचा आहे. गंमत अशी की इथे गफलत बखरकाराची नाही. इथे चुकीची तारीख सरकारी कागदात आहे, आणि ती खुद्द त्या माणसानेच दिलेली आहे.

सुरुवात आयर्लंडपासून करावी लागते. डोनेगॉल परगण्यातल्या रॅमेल्टन या छोट्या गावात ३० ऑक्टोबर १८७३ रोजी डेव्हिडचा जन्म झाला. तिथल्या प्रेस्बिटेरियन प्रार्थनाघरात ८ जानेवारी १८७४ ला त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे दुसरी तारीख पहिलीला घट्ट बांधून ठेवते. ज्याचा बाप्तिस्मा १८७४ मध्ये झाला तो १८७६ मध्ये जन्मू शकत नाही. वडील जेम्स दुकानदार होते आणि मुलगा झाला तेव्हा त्यांचं वय ६९ होतं. आई मरायाचं २९. आडनाव होतं गॅलाघर. धंदा बसत चालला तसं १८७८ मध्ये या कुटुंबाने बेलफास्टहून 'लेडी जोसेलिन' जहाज धरलं आणि जॉर्ज व्हीझी स्ट्युअर्ट नावाच्या गृहस्थाने न्यूझीलंडच्या बे ऑफ प्लेंटीमध्ये वसवलेल्या काटिकाटी वसाहतीत जाऊन पोचलं. तिथे उच्चाराचा घोटाळा नको म्हणून आडनावातला एक 'जी' गाळला गेला. इंग्रजीतलं एक अक्षर गेलं आणि गॅलाघरचे गॅलहर झाले.

काटिकाटीत वाट्याला आलेली जमीन बेताची. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांकडून ती कसली जाण्याची शक्यता नव्हती. घर चाललं ते मरायाच्या शिक्षिकेच्या पगारावर. वसाहतीतल्या दोन नंबरच्या शाळेत ती शिकवत असे. पुढे तिला कॅन्सर झाला, १८८६ मध्ये नोकरी गेली आणि ९ सप्टेंबर १८८७ ला ती वारली. डेव्हिड तेव्हा चौदाव्यात होता, आणि त्याआधीच, तेराव्या वर्षी, शाळा सोडून गावातल्या जनावरांच्या नि शेतमालाच्या अडत्याकडे कामाला लागला होता. खेळाडूंच्या चरित्रांत हा भाग दोन वाक्यांत उरकतात. मला मात्र वाटतं की पुढच्या गॅलहरमधली शिस्त, काटेकोरपणा आणि कमी बोलणं यांचं श्रेय फक्त लष्कराला देऊन चालणार नाही. आई आजारी, बाप म्हातारा, पाठीवर धाकटी भावंडं. घरातला हिशेब ज्याला लहानपणीच कळतो तो मुलगा मैदानावरही हिशेबीच होणार.

पुढे हे कुटुंब ऑकलंडला आलं. डेव्ह आधी पिठाच्या गिरणीत आणि नंतर मांस गोठवून साठवणाऱ्या कंपनीत कामाला लागला. तिथे तो फोरमन झाला. सोललेली आख्खी जनावरं खांद्यावरून वाहायची, म्हणजे वेगळ्या तालमीची गरज नव्हती. उंची सहा फूट. पार्नेल आणि मग पॉन्सनबी क्लबकडून तो रग्बी खेळू लागला आणि १८९६ मध्ये ऑकलंड प्रांताच्या संघात आला.

जानेवारी १९०१ मध्ये तो बोअर युद्धासाठी न्यूझीलंडच्या सहाव्या तुकडीत घोडेस्वार म्हणून भरती झाला. ट्रान्सवाल, ऑरेंज फ्री स्टेट आणि नाताळ या भागांत ही तुकडी फिरली. त्या टप्प्यावरचं युद्ध म्हणजे समोरासमोरच्या मोठ्या लढाया नव्हत्या. छोट्या, चपळ बोअर टोळ्यांचा माग काढत दिवसच्या दिवस घोड्यावर काढायचे, मध्येच कुठे चकमक व्हायची. आपल्याला गनिमी कावा सांगायला नको. गॅलहर मलेरियाने आजारीही पडला. नंतर दहाव्या तुकडीत त्याला स्क्वॉड्रन सार्जंट-मेजर केलं, पण ती तुकडी लढाईत उतरण्याआधीच युद्ध संपलं आणि ऑगस्ट १९०२ मध्ये तो घरी परतला.

पुढच्याच वर्षी न्यूझीलंडचा संघ ऑस्ट्रेलियात गेला. सिडनीत १५ ऑगस्ट १९०३ रोजी न्यूझीलंडने आपला पहिला कसोटी सामना २२–३ असा जिंकला आणि गॅलहर त्यात होता. तो तिशीला टेकला होता. रग्बीत ही उमेदवारी करायची नव्हे, बूट खुंटीला टांगायची वेळ.

१९०५ च्या ब्रिटन दौऱ्याचा तो कर्णधार झाला. जहाजाचं नाव 'रिमुटाका'. जहाज निघालं आणि वाद सुरू झाला: कर्णधार-उपकर्णधार खेळाडूंनी निवडायचे की रग्बी संघटनेने नेमायचे? यात ऑकलंडवाला विरुद्ध दक्षिणेकडचे अशी प्रांतिक धुसफूसही होती. आपल्याकडच्या क्रिकेटमध्ये मुंबई आणि बाकीचे असा सूर ऐकलेल्यांना जास्त खुलासा नको. गॅलहरने राजीनामा देऊ केला. उपकर्णधार बिली स्टेडनेही दिला. व्यवस्थापक जॉर्ज डिक्सनने ते मान्य केले नाहीत. शेवटी मतदान झालं आणि नेमणुका १७ विरुद्ध १२ मतांनी कायम राहिल्या. ज्या संघाला पुढे 'अजिंक्य', 'एकदिलाचा' वगैरे विशेषणं लागली, त्याच्या जवळजवळ दोन-पंचमांश खेळाडूंनी प्रवासातच विरोधी मत दिलं होतं. हा आकडा मला सगळ्या विजयांच्या आकड्यांहून बोलका वाटतो, कारण पुढची एकजूट ही आपोआप आलेली नसून कुणीतरी घडवलेली होती, हे त्यावरून कळतं. कशी घडवली, तर जहाजाच्या डेकवर रोज सराव, जागांची अदलाबदल करून प्रत्येकाला दुसऱ्याचं काम शिकवणं, आणि सामन्याआधी तासभर सगळ्यांनी आडवं पडून आपल्या खेळाचा मुकाट्याने विचार करणं.

१६ सप्टेंबरला एक्झेटर इथे पहिला सामना डेव्हन परगण्याशी झाला. न्यूझीलंड ५५, डेव्हन ४. इथेच एक बखर जन्माला आली. संघातला बिली वॉलेस उतारवयात सांगत असे की, एका वार्ताहराला लिहायचं होतं 'ऑल बॅक्स', म्हणजे सगळेच मागच्या फळीतल्यासारखे चपळ. छापखान्यात एक 'एल' जादा पडला आणि 'ऑल ब्लॅक्स' झालं. गोष्ट झकास आहे, पण डेव्हनच्या स्थानिक वृत्तपत्राने त्या पहिल्या सामन्याच्या बातमीतच हे नाव वापरलं आहे आणि कारणही सरळ दिलं आहे: नखशिखान्त काळा पोशाख. खिळे जुळवणाऱ्याचा यात काही अपराध नव्हता.

गॅलहरवर मात्र वर्तमानपत्रं तुटून पडली. त्याचं कारण समजायला स्क्रम थोडा समजून घ्यावा लागतो. दोन्ही संघांचे पुढच्या फळीतले खेळाडू खांद्याला खांदा भिडवून वाकतात, मधल्या बोगद्यात चेंडू टाकला जातो आणि तो पायाने मागे ओढायचा असतो. ब्रिटिश संघ आठ जण लावत. न्यूझीलंडचे सातच असत, २–३–२ अशा रचनेत. पुढे दोघेच असल्याने पाचरीसारखा जोर बसे आणि चेंडू झटकन मागे येई. उरलेला आठवा गडी म्हणजे 'विंग-फॉरवर्ड', तो गॅलहर. चेंडू आत टाकायचा आणि मग स्क्रमच्या कडेला असं उभं राहायचं की प्रतिस्पर्धी हाफबॅकला आपल्या खेळाडूपर्यंत पोचताच येऊ नये. पायांवर पांढरे पॅड बांधलेला हा उंच माणूस अडथळा आणतो, हा खेळ नव्हे, लबाडी आहे, असा ओरडा झाला आणि काही मैदानांवर त्याची हुर्यो उडवली गेली. गॅलहरचं म्हणणं होतं की मी नियमात आहे. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या. नियमांत फट होती आणि त्याने ती वापरली. ती फट अखेर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बुजवली गेली आणि विंग-फॉरवर्ड ही जागाच खेळातून गेली.

स्कॉटलंड १२–७, आयर्लंड १५–०, इंग्लंड १५–०. डब्लिनच्या सामन्यात, म्हणजे जन्मभूमीत, गॅलहर दुखापतीमुळे उतरू शकला नाही. मग १६ डिसेंबरचं कार्डिफ. न्यूझीलंडच्या 'हाका' या माओरी युद्धनृत्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी आपलं राष्ट्रगीत म्हटलं. खेळाच्या मैदानावर सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणण्याचा प्रघात इथून सुरू झाला असं मानतात. पंच जॉन डॅलस यांनी गॅलहरला स्क्रममध्ये चेंडू टाकण्यावरून वारंवार दोषी धरलं. शेवटी त्याने आपल्या खेळाडूंना स्क्रममध्ये चेंडूसाठी झगडूच नका असं सांगितलं. ज्या यंत्रावर दौरा जिंकला ते यंत्र कर्णधाराने स्वतः बंद केलं. त्याने ते वैतागून केलं की दंड टाळण्यासाठी, यावर चर्चा होऊ शकते; माझ्या मते त्या दिवशीची ही त्याची चूकच होती. टेडी मॉर्गनच्या एकमेव ट्रायवर, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेल्या गुणांवर, वेल्सने सामना ३–० जिंकला.

उत्तरार्धात न्यूझीलंडचा बॉब डीन्स रेषेपर्यंत पोचला होता. चेंडू रेषेपलीकडे टेकला की अलीकडे? कबड्डीत मधल्या रेघेवरून होणाऱ्या भांडणाचंच हे थोरलं भावंड. इथे दोन लेखी पुरावे आहेत. डीन्सने 'डेली मेल'ला तार केली की आपण चेंडू रेषेपलीकडे सहा इंचांवर टेकवला होता आणि पंच पोचण्याआधी आपल्याला मागे ओढलं गेलं. डॅलस यांनी लेखी कळवलं की चेंडू रेषेच्या सहा ते बारा इंच अलीकडे होता. दोघेही प्रत्यक्षदर्शी, दोघांचाही कागद घटनेला लागून असलेला, दोघांनाही खोटं बोलण्याचं खास कारण नाही. साधनचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण पहिल्या तासाला द्यावं: कागद अस्सल असला म्हणजे त्यातली गोष्ट खरी असतेच असं नाही. गॅलहरला सामन्यानंतर पंचांबद्दल विचारलं तेव्हा त्याने, आपण खेळलेल्या सामन्याच्या पंचांवर मत देत नाही, एवढंच सांगितलं आणि वेल्सच्या विजयाला दाद दिली.

युरोप आणि उत्तर अमेरिका मिळून ३५ सामने, ३४ विजय, गुण ९७६ विरुद्ध ५९. खेळाडूंना रोजचा भत्ता तीन शिलिंग. लगेच एका प्रकाशकाने गॅलहर आणि स्टेडकडून पुस्तक लिहून घेतलं. 'द कम्प्लीट रग्बी फुटबॉलर' १९०६ मध्ये निघालं, दोघांना ५० पौंड प्रत्येकी मिळाले. मुखपृष्ठावर नाव दोघांचं असलं तरी लिखाणाचा बराचसा भार स्टेडने, इन्व्हरकार्गिलच्या बूट शिवणाऱ्या कारागिराने, उचलला होता. गॅलहरचा वाटा डावपेच आणि आकृत्यांचा. लेखकाच्या नावावरून लेखक ठरवू नये, हा धडाही इथे फुकट मिळतो.

खेळ संपवून तो परतला. १० ऑक्टोबर १९०६ ला ऑकलंडमध्ये एलन फ्रान्सिसशी त्याचं लग्न झालं. वधू त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. १९०८ मध्ये मुलगी झाली, नोरा. पुढची दहा वर्षं तो ऑकलंडच्या संघाचा निवडकर्ता होता, आणि १९०७ ते १९१४ देशाच्या संघाचाही. नोकरी, घर, रविवारी सकाळी निवडीवरच्या चर्चा असं सरळ चाललेलं आयुष्य.

आणि मग पहिल्या महायुद्धातलं १९१६. इथे दुसरी बखर उभी आहे, आणि ती 'ऑल बॅक्स'हून चिवट आहे. धाकटा भाऊ डग्लस ऑस्ट्रेलियाच्या ११ व्या बटालियनमध्ये होता, तो फ्रान्समध्ये मारला गेला आणि त्याचा सूड उगवायला डेव्ह भरती झाला, अशी ती कथा. वाचायला ती अगदी बरोबर बसते. महाभारत ऐकत वाढलेल्या कानाला तर फारच. पण तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की ती उलगडते. डेव्हने नाव नोंदवलं मे १९१६ मध्ये. डग्लस लावांतीजवळ पडला ३ जूनला. प्रशिक्षणाच्या बोलावण्याची वाट पाहत असताना त्याला भावाची बातमी कळली. चरित्रकार मॅट इलियट यांनीही सूडाची कथा दंतकथा म्हणूनच बाजूला सारली आहे आणि निष्ठा, कर्तव्य यांकडे बोट दाखवलं आहे.

मग तो का गेला? सक्ती नव्हती, हे नक्की. न्यूझीलंडचा सक्तीच्या भरतीचा कायदा ऑगस्ट १९१६ मध्ये झाला, म्हणजे त्याने नाव दिल्यानंतर. त्या कायद्यातही आधी अविवाहितांची पाळी होती; विवाहितांचा वर्ग दुसरा, आणि त्यांच्या चिठ्ठ्या निघायला १९१७ चा ऑक्टोबर उजाडला. ४२ वर्षांच्या, एका मुलीच्या बापाला घरी बसून कुणी नावं ठेवली नसती. त्याच्या मनातलं कारण सांगणारा मजकूर फॉर्ममध्ये नसतो. पण एक गोष्ट आहे: जन्मतारखेच्या रकान्यात ३१ ऑक्टोबर १८७६. दिवस एकाने पुढे, वर्ष तीनने पुढे. या तारखेने तो चाळिशीच्या आत येतो. सूडाने पेटलेला माणूस हे करील, कर्तव्यबुद्धीचाही करील, आणि आपण अजून म्हातारे झालो नाही असं स्वतःला पटवू पाहणारा जुना खेळाडूही करील. मी या तिघांतल्या शेवटच्याला पूर्णपणे वगळू शकत नाही. तिशीच्या उंबरठ्यावर पहिली कसोटी खेळलेल्या माणसाचं वयाशी भांडण जुनंच होतं.

ट्रेंटहॅमच्या छावणीत प्रशिक्षण झालं. फेब्रुवारी १९१७ मध्ये तो 'अपारिमा' जहाजावरून ऑकलंड रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनसाठी निघाला. इंग्लंडमधल्या स्लिंग छावणीत पुढचं शिक्षण. ६ जूनला सार्जंटचा हुद्दा कायम झाला. बोअर युद्धात तो सार्जंट-मेजर होता, म्हणजे पंधरा वर्षांनी त्याने खालच्या पायरीवरून सुरुवात केली होती. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याची तुकडी बेल्जियममधल्या पॅशनडेलच्या मोहिमेची तयारी करत होती.

४ ऑक्टोबरला पहाटे सहा वाजता ब्रूडसाइंडेची लढाई सुरू झाली. न्यूझीलंड डिव्हिजनने ग्रावनस्टाफेलची टेकडी घेतली. लष्करी भाषेत हे यश होतं. आठ दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, याच चिखलात न्यूझीलंडचे आठशेहून अधिक सैनिक गेले, त्या मानाने तर मोठंच. या यशाच्या दिवशी तोफगोळ्याचा तुकडा गॅलहरच्या चेहऱ्यात घुसला. त्याला मागे तिसऱ्या ऑस्ट्रेलियन उपचार केंद्रात नेलं आणि त्याच दिवशी तो गेला. केंद्र नाइन एल्म्सला होतं, म्हणून कबर तिथे.

आता दगडावरचा आकडा. खऱ्या जन्मतारखेने त्या दिवशी तो ४३ वर्षांचा होता. चव्वेचाळीस व्हायला २६ दिवस कमी. फॉर्ममधल्या तारखेने ४०. एक्केचाळीस व्हायला २७ दिवस कमी. म्हणजे ४१ हे वय कुठल्याच हिशेबात नीट बसत नाही. 'एक्केचाळिसावं चालू' असं कुणीतरी धरलं असावं, एवढाच अंदाज करता येतो. खोट्या तारखेवर आणखी एक पूर्णांक चढला आणि तो दगडात गेला.

ऑकलंडच्या क्लब स्पर्धेत १९२२ पासून गॅलहर शील्ड आहे. २००० पासून न्यूझीलंड आणि फ्रान्स त्याच्या नावाच्या करंडकासाठी खेळतात, ईडन पार्कबाहेर २०११ मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला, आणि युरोपात आलेले ऑल ब्लॅक्स वाट वाकडी करून नाइन एल्म्सला जातात.

डेव्ह गेला त्यानंतर साडेसहा महिन्यांनी, २४ एप्रिल १९१८ ला, हेन्री गॅलहर मारला गेला. हाही भाऊ ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात, ५१ व्या बटालियनमध्ये. मूळ धंद्याने खाणकामगार. त्याचा जुळा भाऊ चार्ल्स गॅलिपोलीत जबर जखमी झाला होता. तो वाचला.